पिलाला बाहेर न्यायची वेळ

माझ्या नोकरीचं सरकारी नाव व्रणोपचारक. नेमणुकीच्या कागदावर हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याचा अर्थ मला मास्तरांना जाऊन विचारावा लागला होता. जनावरांच्या जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, डॉक्टरसाहेब सुई टोचत असताना बैलाची शिंगं धरायची, आणि साहेब मीटिंगला गेले की जे समोर येईल ते निस्तरायचं, असं ते काम. परंड्यात, ईटला आणि मधल्या दोन-तीन गावांत मिळून चौतीस वर्षं मी ते केलं. लोक मला कंपाउंडर म्हणायचे आणि अजूनही तेच म्हणतात.

या काळात अडलेल्या म्हशी सोडवल्या, फुगलेल्या शेळ्यांची पोटं उतरवली, साथीच्या दिवसांत लशीची पेटी खांद्याला लावून वस्त्या पालथ्या घातल्या. कुत्र्याशी माझा संबंध यायचा तो ते चावल्यावरच, आणि तेव्हाही चावलेला माणूस दुसऱ्या दवाखान्यात जायचा. कुत्र्यानं घरात घाण केली म्हणून दवाखान्याची पायरी चढलेला एकही माणूस मला आठवत नाही, कारण कुत्रं घरात नसायचंच. ते अंगणात असायचं, शेतात असायचं, मेंढरांमागं असायचं. त्याला लागली की ते जायचं, आणि कुठं गेलं याची चौकशी कुणी करत नव्हतं.

रिटायर होऊन धाराशिवला राहायला आलो आणि बघतो तर नव्या कॉलन्यांमध्ये गल्लोगल्ली पिलं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरत पळणारी, सोफ्यावर निजणारी, बिस्किटं खाणारी. आमच्याच गल्लीतले एक वकीलसाहेब सकाळी सकाळी माझ्या दारात उभे राहिले. घरी लॅब्राडोरचं दोन महिन्यांचं पिलू आणलं होतं, आणि ते घरभर मुतत होतं. एवढी वर्षं जनावरांत काढलेल्या माणसाला हे माहीत असणारच, असं त्यांनी धरून चाललं होतं. मला काडीचंही माहीत नव्हतं, पण तसं कबूल करायचा माझा स्वभाव नाही. जिथं करेल तिथं त्याचं नाक घासा आणि वर एक चापट द्या, असं मी ठोकून दिलं. हा उपाय मला कुणी शिकवला नव्हता, सगळेच सांगतात म्हणून मीही सांगितला.

आठ दिवसांनी वकीलसाहेब परत आले. पिलू आता कुणासमोर करत नव्हतं. सोफ्यामागं, पलंगाखाली, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटामागं जाऊन करत होतं. "कंपाउंडर," ते म्हणाले, "आरोपी फरार असतो, पुरावा मात्र रोज सापडतो."

मला मनातून लाज वाटली. मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. चार दिवस सकाळ-संध्याकाळ नुसता बसलो आणि पिलाकडं बघत राहिलो, गाय व्यायला झाली की आम्ही गोठ्यात बसायचो तसा. तेव्हा कळलं की यात विद्या अशी काही नाही, नजर लागते. पिलू झोपेतून उठलं की त्याला लागते. खाल्लं की थोड्या वेळानं लागते. खेळून दमलं की लागते. आणि करायच्या आधी ते जमीन हुंगत गोल फिरतं. या वेळा आपण ओळखायच्या, ते हुंगायला लागायच्या आत त्याला उचलून बाहेर न्यायचं, रोज एकाच जागी न्यायचं, आणि तिथं केलं की पाठीवरून हात फिरवायचा. घरात केलं तर ओरडायचं नाही, मारायचं नाही. मारलं की ते एवढंच शिकतं की हे माणसांपासून लपवायचं असतं. आणि शेवटची गोष्ट, घरातली ती जागा अशी धुवायची की त्याच्या नाकाला वास येता कामा नये. वास राहिला की त्याच्या लेखी ती जागा ठरली.

वकीलसाहेबांचं पिलू तीन आठवड्यांत सुधारलं. वकीलसाहेबांना एका जागी शांत बसायला शिकवायला जास्त वेळ लागला. मग त्यांनी कोर्टात चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी कुणाला सांगितलं, आणि साठी उलटल्यावर माझा हा नवा धंदा सुरू झाला. घरी याची भरपूर थट्टा होते. बायको म्हणते, स्वतःच्या दोन पोरांना कधी परसाकडं नेलं नाही, आता लोकांची कुत्री नेताय. आणि ते खरं आहे.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. एका बाईंनी पिलाला बाहेर न्यायला सुरुवात करायची म्हणून गुरुजींकडून चांगला दिवस काढून आणला, आणि तो दिवस येईपर्यंत त्यांच्या दोन चटया वाया गेल्या. एक गृहस्थ पिलाला समोर बसवून रोज समजावून सांगायचे, आणि त्याला सगळं कळतं, फक्त ते हट्टी आहे, असं मला पटवायचे. या सगळ्यांत मी हरलो असा एकदाच. किंवा हरलो होतो आणि दुसऱ्याच कुणीतरी मला जिंकवलं, असं म्हणा. ती हकिगत त्या घरच्यांना विचारून लिहितोय, नावं तेवढी बदलली आहेत.

पितृपंधरवडा नुकताच लागला होता. सुनीता नावाची तिशीतली एक बाई घरी आली. नवरा अंकुश सरकारी कचेरीत लिपिक. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वैपाकघर भाड्यानं घेऊन राहत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सासऱ्यांना गावाहून आणलं होतं आणि सासऱ्यांबरोबर एक पिलूही आलं होतं. सासऱ्यांचं नाव तिनं सांगितलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. बिरूआबा. ईटला असताना या माणसाच्या मेंढरांना मी कितीदा लस टोचली होती. शे-दीडशे मेंढरं, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि एका शिट्टीवर अख्खा कळप वळवणारा माणूस. मी सुई टोचताना मेंढरू हललं तर ते मेंढराला नाही, मला रागवायचे.

सुनीतानं सगळं सांगितलं. सासू गेली, आबांची नजर कमी झाली, मेंढरं विकावी लागली. विकत घेणारानं कुत्रीही नेली, हे एक पिलू आबांनी ठेवून घेतलं, त्याचं नाव खंड्या. मग एकदा आबा घरातच पाय घसरून पडले आणि दीड दिवस तसेच पडून राहिले. शेजाऱ्याला कळलंच नाही. त्यानंतर अंकुशनं त्यांना इथं आणलं. इथं आबा कुणाशी फारसं बोलत नव्हते. गॅलरीत बसायचे आणि खंड्याशी बोलायचे.

आणि खंड्या घरात करत होता. पुढच्या खोलीत आबांची खाट होती. खाटेपासून बाथरूमकडं जायच्या वाटेवर रोज कुठंतरी ओलं. त्याच भिंतीला पुढं देवघर. अंकुशनं सांगून टाकलं होतं, घट बसायच्या आत हे थांबलं नाही तर पिलू गावाकडं जाईल. आपल्या जिल्ह्यात घट म्हणजे काय ते सांगायला नको. नऊ दिवस देवीपुढं दिवा, पत्रावळीतल्या मातीत धान उगवलेलं, घरात कडक सोवळं. अंकुशच्या आईनं जन्मभर ते सांभाळलं होतं. त्यामुळं अंकुशचं म्हणणंही चुकीचं नव्हतं.

"आणि मामा म्हणतात," सुनीता म्हणाली, "त्याला न्हेणार असला तर मला बी न्हेऊन सोडा. ते जातील हो काका. एकदा बोलले की मागं फिरायचे न्हाईत. आन् तिथं त्यांना बघायला कुणी न्हाय."

आबांना मी ओळखत होतो, त्यामुळं ते खरोखर जातील यात मला शंका नव्हती. तिथल्या तिथं मी चंग बांधला. घटाला अजून बारा-तेरा दिवस होते. एवढ्या दिवसांत मी ते पिलू सरळ करणार होतो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ माझी फेरी सुरू झाली. आबांनी मला आवाजावरून ओळखलं. बरं वाटलं त्यांना, पण मी कशासाठी आलोय ते कळल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. धनगराच्या कुत्र्याला कंपाउंडरनं शिकवायचं, हे काही त्यांना रुचलं नव्हतं. त्यांच्या हयातीत त्यांनी कुत्र्यांना लांडग्यासमोर उभं राहायला शिकवलं होतं. मुतायला शिकवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

खंड्या मात्र हुशार निघाला. तांबूस रंगाचा, लांब पायांचा, आणि एकदा सांगितलं की लक्षात ठेवणारा. जिन्यावरून खाली, शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये, बाभळीच्या झुडपाजवळ, ही जागा त्यानं चार दिवसांत पक्की केली. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, सगळ्या वेळा त्यानं पाळल्या. असं पिलू मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि तरी घरात ओलं सापडत होतं, त्याच खाटेपासून बाथरूमपर्यंतच्या पट्ट्यात. एकदा तर माझ्या डोळ्यांदेखत तो खालून वर आला, ती जमीन हुंगली आणि पाय वाकवून बसला. बाहेर करून आलेलं पिलू घरात येऊन परत करतं, हे माझ्या अनुभवात बसेना.

मी सुनीताला परत परत विचारत होतो, जागा नीट धुताय ना, फिनेल वापरत नाही ना. ती म्हणायची, साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसते. मी वाकून स्वतः वास घेऊन बघितला, मला काही वेगळं लागलं नाही. अंकुश रोज संध्याकाळी कचेरीतून आला की तोंडानं काही बोलायचा नाही, फक्त जमिनीकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. आठवडा असा गेला. मला जेवण गोड लागेना.

मग एके दिवशी मी वेळ सोडून भर दुपारी गेलो. दार उघडंच होतं. आबा गॅलरीत डुलक्या घेत होते. सुनीता जमीन पुसून उठली, देवघराच्या फळीवरनं एक बाटली काढली, तुळशीच्या डहाळीनं त्यातलं पाणी त्या सगळ्या पट्ट्यावर शिंपडलं. बाटलीत गोमूत्र होतं.

मी दारातच कपाळाला हात लावला. घर शुद्ध व्हावं म्हणून गोमूत्र शिंपडतात, आमच्या घरीही शिंपडतात. पण पिलाच्या नाकाला गाय कळत नाही, शुद्ध-अशुद्ध कळत नाही. मूत एवढंच कळतं, आणि मूत असेल ती जागा मुतायची. आम्ही त्याला रोज जिना उतरवून बाहेरची जागा शिकवत होतो, आणि सुनीता रोज घरात दुसरी जागा आखून देत होती. आणि मी? वाकून वास घेतला होता मी. चौतीस वर्षं गोठ्यात काढलेल्या माझ्या नाकाला गोमूत्राचा वास वास म्हणून लागतच नव्हता. दुसऱ्या कुणाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. ही चूक करायला कंपाउंडरच पाहिजे होता.

सुनीताला मी हे समजावून सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा देवाधर्माच्या गोष्टीत बोललो म्हणून रागावेल. तिचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे माझ्यामुळंच करतंय का ते?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तुमच्यामुळं कशाला, नकळत झालं. घट बसेपर्यंत हळदीचं पाणी शिंपडा, तेही शुद्धच. तिनं लगेच मान डोलवली. एवढ्या लवकर ऐकेल असं मला वाटलं नव्हतं.

"पण मग वास राहील की हो काका," ती हळूच म्हणाली.

पिलाच्या मुताला असा कितीसा वास, साबणानं निघून जाईल, मी म्हणालो. तिनं बाटलीचं झाकण लावलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

गोमूत्र थांबलं आणि दोन दिवसांत खंड्याचं घरातलं थांबलं. तो पट्टा हुंगायचा, काही सापडायचं नाही, आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. मी घरी येऊन बायकोला जिलेबी आणायला पाठवलं. अंकुश पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलला. आबा बोलले नाहीत, पण मी निघालो तेव्हा, चहा घेऊन जा, असं त्यांनी गॅलरीतूनच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो. नळाला पाणी आलं होतं म्हणून सुनीता आणि अंकुश दोघंही खाली टाकी भरत होते. खंड्या गॅलरीत होता आणि गॅलरीच्या दाराला आतून वरची कडी होती. त्याला बाहेर काढून आदल्या संध्याकाळी ती कडी मीच लावली होती, सकाळी मी आल्यावरच उघडायची असं माझं आणि सुनीताचं ठरलं होतं. आणि आबांच्या खाटेच्या पायाशी ओलं होतं. तिथून बाथरूमच्या दिशेनं थेंब गेले होते. आबा खाटेवर बसले होते, पायांवर घोंगडी ओढून.

मी कडीकडं बघितलं. आबांना नीट दिसत नाही, पण माणूस कुठं बघतोय ते त्यांना कळतं.

"पिलू लई द्वाड हाय," आबा म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो.

या एका शब्दाची मला आजही लाज वाटते. मुकं जनावर बोलत नाही, त्याच्या वतीनं बोलायचं, हीच माझी नोकरी होती. बैल लंगडतोय आणि मालक म्हणतोय नाटक करतोय, तेव्हा मी मालकाशी भांडलेलो आहे. इथं मी गप्प बसलो. आबांना उघडं पाडायचं माझ्या जिवावर आलं. ज्या माणसाच्या शिट्टीवर कळप वळायचा त्याला सुनेसमोर, पोरासमोर काय सांगायचं? सुनीता वर आली, तिनं न बोलता पुसून घेतलं. तिच्या मागोमाग अंकुश आला, त्यानं ओल्या फरशीकडं बघितलं आणि म्हणाला, झालं ना परत. मी म्हणालो, एखादेवेळी होतं. तेवढंच.

त्या दिवसापासून मी एक युक्ती सुरू केली. खंड्याला खाली न्यायची वेळ झाली की आबांना म्हणायचो, तुम्ही चला, तुमच्याशिवाय तो नीट करत नाही. जाताना बाथरूमवरून जायचं, हातपाय धुऊन मग खाली उतरायचं. आबा येत होते. दोन दिवस बरे गेले. पण पहाटेची वेळ माझ्या हातात नव्हती, आणि तीच आबांची अडचणीची वेळ होती.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी अंकुशचा फोन आला. आवाज थंड होता. या म्हणाला, आणि तुमच्या पिलाला निरोप द्या.

मी गेलो. घर लख्ख धुतलेलं, गच्चीवर धुतलेल्या गोधड्या वाळत घातलेल्या, देवघरात उद्यासाठी माती आणि नवं सुगड आणून ठेवलेलं. आणि खाटेजवळची फरशी ओली. खोलीच्या मधोमध पुठ्ठ्याचा एक खोका, हवेसाठी भोकं पाडलेला, वरून सुतळीनं बांधलेला. आत खंड्या कुईकुई करत होता. आबा खाटेवर बसले होते. डोक्याला पटका बांधलेला, हातात काठी, शेजारी कपड्यांची पिशवी. गावाकडं जाणारी भूमची गाडी गाठायची होती. पिलाला गावी सोडायचं आणि आबांना त्यांच्या हट्टाप्रमाणं तिथंच ठेवायचं, असं बापलेकांचं न भांडता ठरलं होतं. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

"अंकुशराव, आणखी चार दिवस द्या," मी म्हणालो.

उद्या घट बसायचेत काका, तो म्हणाला. त्याचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते. आईनं कधी विटाळ होऊ दिला नाही, आणि बापाला मी एकटा सोडून येतोय, दोन्ही गोष्टी मलाच करायच्यात, असं काहीतरी तो बोलला. मला सगळं ठाऊक होतं. सांगितलं तर आबांची लाज जात होती, नाही सांगितलं तर आबाच जात होते. मी तिथं उभा राहून पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो. सुनीता स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती.

अंकुशनं खोका उचलला. आत पिलू घसरलं आणि ओरडलं. तो दारापर्यंत गेला.

"ठिव ते खाली," आबा म्हणाले.

अंकुश थांबला.

"ते त्यानं न्हाय केलं. म्या केलंय." आबांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "आजचं बी म्याच, आन् मागलं बी. गावाकडं व्हतो तवापासनं हाय. उठून मोरीपतूर जाईस्तवर दम निघत न्हाय. म्या त्या मुक्या जितराबावर घालत आलो. आता त्याला खोक्यात घातलेलं मला ऐकवना."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. आबांची मान वर होती, आणि मला वाटतं त्यांनी ती मुद्दाम वर धरली होती.

"मामा, मला ठाव व्हतं," सुनीता म्हणाली. "तुमी आलाव त्याच्या दुसऱ्या दिसापासनं."

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ती शुद्धीसाठी शिंपडत नव्हती, किंवा नुसती शुद्धीसाठी शिंपडत नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीचा वास अंकुशला येऊ नये, आल्यागेल्याला येऊ नये, म्हणून ती रोज बाटली उघडत होती. देवघर असलेल्या घरात गोमूत्राचा वास आला तर कुणी विचारत नाही. सासऱ्याची लाज झाकायला तिनं ते केलं, आणि त्याच वासावर पिलू येऊन बसायला लागलं. मग सगळाच दोष पिलावर गेला. वास राहील की हो, असं ती मला म्हणाली होती, आणि मी तिला साबण सांगितला होता.

आबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "ठाव व्हतं तर बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाईत म्हणून."

आबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. त्यांनी पटक्याचा शेव ओढून डोळ्यांना लावला. मीही रडलो, ते सांगायला मला संकोच वाटत नाही. अंकुश खोका खाली ठेवून जमिनीवर बसला आणि सुतळी सोडायला लागला. त्यानंच बांधलेली गाठ त्याला सुटत नव्हती, शेवटी सुनीतानं विळी आणून ती कापली. खंड्या बाहेर आला, अंग झाडलं, आणि कुणाकडंही न बघता दाराशी जाऊन उभा राहिला. त्याची वेळ झाली होती.

मी आबांना म्हणालो, हे दुखणं आहे, याला औषध आहे, उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवू. मी ढोरांचा कंपाउंडर, मला माणसाचं कळत नाही, पण एवढं कळतं. ते त्यांनी ऐकलं, पुढं दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, खाट बाथरूमच्या दाराजवळ सरकवली. दुसऱ्या दिवशी घटही बसले. पण ते सगळं नंतरचं.

त्या वेळी आबा काठी टेकत उठले, खंड्याच्या गळ्यातली दोरी चाचपून हातात घेतली, आणि दारातून मागं वळून मला म्हणाले, "कंपाउंडर, ह्याला कवा कवा बाहीर न्यायचं ते सांगितलंसा. ते कागदावर लिवून द्या सुनंकडं. ती आठवण करंल."

मी सुनीताकडून कागद मागितला. उठल्यावर, चहा झाल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारच्या झोपेनंतर, निजायच्या आधी, पहाटे एकदा, असं एकाखाली एक लिहिलं. वर नाव काय घालायचं म्हणून पेन थांबलं.

आबांना ते कसं कळलं कोण जाणे. जिन्याच्या पहिल्या पायरीवरनं ते म्हणाले, "दोघांचं बी लिवा."